जीर्णोद्धार : वाळूतल्या मोटारीचा आणि कारागिराच्या सन्मानाचा

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत, एकलहरे येथे दिलेल्या व्याख्यानाचे लिखित रूप)

 

संस्थेच्या आयुष्यात पन्नास वर्षांचा टप्पा हा हिशेबाचा टप्पा असतो. दिवाळीला चोपडीपूजन करताना मागील वर्षाची बाकी पुढे ओढली जाते, त्याचप्रमाणे सुवर्णमहोत्सवात मागील पिढीचे देणे पुढील पिढीच्या खात्यावर नोंदले जाते. हे देणे केवळ पैशाचे नसते. ज्यांच्या हातांनी काही घडले, ज्यांच्या हातांनी मोडलेले पुन्हा उभे राहिले, त्यांच्या स्मरणाचेही ते असते. आजच्या व्याख्यानाचा विषय अशाच एका हाताच्या धन्याचा आहे. तो आपल्या समाजातला नव्हता, आपल्या देशातलाही नव्हता. ब्रिटनमधील वेल्स या डोंगराळ प्रांतात तंत्रविद्यालयात अभियांत्रिकी शिकविणारा तो एक अध्यापक होता. त्याचे नाव ओवेन विन ओवेन.

धार्मिक ट्रस्टच्या व्यासपीठावर परदेशी अभियंत्याची आणि जुन्या मोटारीची कथा कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर एका शब्दात देता येते, आणि तो शब्द आपल्या घरातलाच आहे : जीर्णोद्धार.

जैन परंपरेत जीर्णोद्धाराचे स्थान फार वरचे आहे. नवे मंदिर बांधण्यापेक्षा जीर्ण मंदिराचा उद्धार करण्यात आठपट पुण्य आहे, असे आपले वाडवडील सांगत आले. यामागे मोठा व्यवहारविचारही आहे. नव्या वास्तूवर बांधणाऱ्याचे नाव लागते. जीर्णोद्धारात आपले नाव मागे ठेवून पूर्वजाचे काम पुढे आणावे लागते. तेथे अहंकाराला जागा कमी आणि कष्टाला जागा अधिक असते.

कस्तुरभाई लालभाई (१८९४ ते १९८०) हे अहमदाबादचे कापड गिरणीमालक. शेठ आणंदजी कल्याणजी पेढीची धुरा त्यांनी दीर्घकाळ वाहिली. राणकपूर आणि देलवाडा येथील मंदिरांचे जीर्णोद्धार त्यांच्या कारकिर्दीत झाले. देलवाड्याच्या कामात मूळ मंदिराच्या जातीचाच संगमरवर हवा, हा आग्रह त्यांनी धरला आणि त्यासाठी त्या जातीच्या दगडाची खाण पुन्हा उघडून घेतली. सोमपुरा शिल्पींनी जुने कोरीवकाम पाहून नवा तुकडा घडविला, तो इतका तंतोतंत की सांधा शोधावा लागतो. खर्च अंदाजापेक्षा पुष्कळ वाढला, तरी त्यांनी हात आखडता घेतला नाही. जुन्या वस्तूशी प्रामाणिक राहण्याची ही जी वृत्ती, तीच वेल्समधील त्या अध्यापकाच्या अंगी होती. त्याने उद्धार केला तो मंदिराचा नव्हे, लोखंडाचा. पण निष्ठा त्याच कुळातली.

आता त्या मोटारीची जन्मकथा ऐकावी.

पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये लुई झ्बोरोव्स्की नावाचा एक धनाढ्य तरुण सरदार होता. त्याला प्रचंड इंजिनांच्या शर्यतीच्या मोटारी बांधण्याचे वेड होते. 'चिट्टी बँग बँग' हे लहान मुलांच्या ओळखीचे नाव मुळात त्याच्याच मोटारींचे. केंट परगण्यातील आपल्या हायम या निवासस्थानी त्याने आणखी एक मोटार बांधून घेतली. तिला विमानाचे 'लिबर्टी' इंजिन बसविले. बारा सिलिंडरचे, तब्बल २७ लिटर क्षमतेचे. आपल्याकडील साध्या कौटुंबिक मोटारीचे इंजिन एक-सव्वा लिटरचे असते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या राक्षसी यंत्राची कल्पना येईल. मागील चाकांना शक्ती पोहोचत होती ती सायकलसारख्या, परंतु जाडजूड साखळ्यांनी. १९२४ साली इटलीतील मोंझा येथील शर्यतीत झ्बोरोव्स्की मृत्यू पावला आणि ही मोटार विक्रीस निघाली.

ती विकत घेतली जॉन गॉडफ्रे पॅरी-थॉमस यांनी, अवघ्या १२५ पौंडांना. वेल्समधील रेक्सहॅम येथे जन्मलेले पॅरी-थॉमस हे केवळ चालक नव्हते. लेलँड या प्रसिद्ध मोटार कंपनीचे ते मुख्य अभियंता होते. 'लेलँड एट' ही त्या काळातील अत्यंत प्रगत आठ सिलिंडरची मोटार त्यांच्या बुद्धीतून साकारली होती. नोकरी सोडून ते ब्रूकलँड्स या शर्यतीच्या मैदानाच्या आवारातच घर करून राहिले. जुन्या मोटारीत त्यांनी स्वतः आखलेले पिस्टन घातले, कार्बोरेटर बदलले, अंगावरचा पत्रा नव्याने चढविला आणि तिला एक घरगुती नाव दिले : 'बॅब्स'.

वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावर पेंडाइन नावाचे गाव आहे. ओहोटीनंतर तेथे सुमारे सात मैल लांबीची सपाट, घट्ट वाळू उघडी पडते. २८ एप्रिल १९२६ रोजी या वाळूवर बॅब्स ताशी १७१.०२ मैल, म्हणजे सुमारे २७५ किलोमीटर वेगाने धावली आणि जमिनीवरील वेगाचा जागतिक विक्रम पॅरी-थॉमस यांच्या नावावर झाला. शंभर वर्षांपूर्वीच्या टायरवर, हातभर उघड्या बैठकीत बसून केलेला हा पराक्रम होता. पुढे ४ फेब्रुवारी १९२७ रोजी त्याच वाळूवर माल्कम कॅम्पबेल यांनी ताशी १७४.८८ मैलांचा वेग गाठून तो विक्रम मोडला. महिन्याच्या आतच पॅरी-थॉमस विक्रम परत मिळविण्यासाठी पेंडाइनला आले. ३ मार्च १९२७. भर वेगात बॅब्स घसरली, उलटली आणि पॅरी-थॉमस जागच्या जागी मृत्यू पावले.  जमिनीवरील वेगाच्या विक्रमाचा प्रयत्न करताना प्राण गमावणारे ते पहिले चालक ठरले.

सहकाऱ्यांचे दुःख आणि संताप इतका अनावर होता, की त्या मोटारीचे तोंड पुन्हा पाहू नये असे सर्वांना वाटले. पेंडाइनच्याच वाळूत मोठा खड्डा खणून बॅब्स पुरण्यात आली. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो किनारा लष्कराच्या ताब्यात गेला, तेथे शस्त्रास्त्रांच्या चाचण्या होऊ लागल्या. वाळूवर वाळू साचत गेली. एक पिढी सरली. पॅरी-थॉमस यांचे नाव जुन्या मासिकांपुरते उरले.

येथे आपल्या कथानायकाचा प्रवेश होतो.

ओवेन विन ओवेन हे उत्तर वेल्समधील कॅपेल क्यूरिग या डोंगरी गावचे रहिवासी. बँगर येथील तंत्रविद्यालयात ते अभियांत्रिकी शिकवीत. जुन्या मोटारी दुरुस्त करून पुन्हा चालत्या करणे हा त्यांचा छंद. ते लक्षाधीश संग्राहक नव्हते. नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी आणि संध्याकाळी घरच्या कार्यशाळेत काम करणारे ते गृहस्थ होते. बॅब्स ही वेल्समध्ये जन्मलेल्या अभियंत्याची स्मृती आहे आणि ती अशी वाळूत कुजू देणे योग्य नाही, हा विचार त्यांच्या मनाने घेतला.

परंतु विचार सोपा आणि मार्ग अवघड. जमीन लष्कराची, म्हणून संरक्षण खात्याची परवानगी हवी. मृताच्या नातलगांची संमती हवी. आणि सर्वांत कठीण म्हणजे लोकभावना. पुष्कळांच्या दृष्टीने ते एका शूर माणसाचे थडगे होते. 'जे श्रद्धेने पुरले, ते कुतूहलापोटी उकरू नये' हा त्यांचा आक्षेप. पॅरी-थॉमस यांचा देह इंग्लंडमध्ये बायफ्लीट येथील चर्चच्या आवारात विसावला होता, वाळूत होते ते केवळ यंत्र, ही वस्तुस्थिती खरी. परंतु भावना वस्तुस्थितीच्या दाखल्यावर चालत नाही, हे कोणत्याही ट्रस्टवर काम केलेल्या माणसाला वेगळे सांगण्याची गरज नाही. जुनी भिंत पाडायची म्हटले तरी गावात दोन तट पडतात!

अखेर परवानग्या मिळाल्या आणि १९६९ साली, ४२ वर्षांनंतर, बॅब्स वाळूबाहेर आली.

बाहेर आली ती कोणत्या स्थितीत, याची कल्पना समुद्रकाठी राहणारा कोणीही करू शकेल. खाऱ्या पाण्यात लोखंड गंजते, पण ॲल्युमिनियमची अवस्था त्याहूनही वाईट होते. लोखंडाला चिकटून असलेले ॲल्युमिनियम खाऱ्या ओलाव्यात आधी झिजते, कारण दोन धातू आणि मीठ मिळून तेथे बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि नरम धातू स्वतःचा बळी देतो. जाड पोलादी सांगाडा टिकतो, पातळ पत्रा मात्र हातात घेताच चुरतो. दुसरा कोणी असता तर त्याने भंगाराच्या भावाची चौकशी केली असती.

विन ओवेन यांनी तसे केले नाही. पुढील सुमारे पंधरा-सोळा वर्षे ते या कामाला लागले होते. घाईगर्दीच्या आजच्या काळात या आकड्यापाशी क्षणभर थांबले पाहिजे. ज्या वर्षी मूल शाळेत जाऊ लागते, त्या वर्षी काम हाती घ्यावे आणि त्याला पदवी मिळते त्या वर्षी ते संपावे, इतका हा काळ.

अशा कामाची रीत समजून घेण्यासारखी आहे. प्रथम काहीही फेकायचे नाही. प्रत्येक गंजका बोल्ट, प्रत्येक तुकडा धुऊन, मोजून, खूण करून ठेवायचा. मोडका भाग हाच नव्या भागाचा नकाशा असतो. जो भाग संपूर्ण नाहीसा झाला, त्याचे माप जुन्या छायाचित्रांवरून, शेजारच्या छिद्रांच्या अंतरावरून काढायचे. मग लाकडाचा साचा, त्यावरून ओतकाम, त्यानंतर लेथवर कातकाम. जो मूळ भाग वाचविता येतो तो वाचवायचाच, मग नवा करणे स्वस्त पडत असले तरीही. आणि नवा भाग जुन्याहून 'चांगला' करण्याचा मोह टाळायचा. हा मोह सर्वांत मोठा. आजच्या तंत्राने अधिक मजबूत, अधिक गुळगुळीत भाग बनविता येतो. परंतु तसे केले तर ती वस्तू पॅरी-थॉमस यांची राहत नाही, दुरुस्त करणाराची होते. प्राचीन मूर्तीला चकचकीत रंग लावून जी हानी होते, तीच ही. उद्धारकर्त्याने आपली बुद्धी पूर्ण वापरायची आणि आपली खूण मात्र कोठेही ठेवायची नाही, हा या विद्येचा विनयधर्म आहे.

बॅब्स पुन्हा उभी राहिली. इतकेच नव्हे, तर ते २७ लिटरचे इंजिन पुन्हा गरजले. पेंडाइन येथे १९९६ साली वेगाच्या इतिहासाचे संग्रहालय उघडले, त्यात आणि ब्रूकलँड्स येथे ती लोकांना पाहावयास मिळाली. पेंडाइनची जुनी इमारत जाऊन २०२३ साली तेथे नवे संग्रहालय उभे राहिले. विन ओवेन आज हयात नाहीत. पण बॅब्सच्या नावाशेजारी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे.

या उद्धारातून आणखी एक गोष्ट घडली आणि ती जैन श्रोत्यांना विशेष भावेल. पॅरी-थॉमस यांच्या मृत्यूचे कारण म्हणून अनेक वर्षे एकच कथा सांगितली जात होती : भर वेगात साखळी तुटली आणि तिच्या तडाख्याने चालकाचा अंत झाला. कथा भयानक होती, म्हणून सर्वतोमुखी झाली. मोटार बाहेर आल्यावर तिचे अवशेष अभ्यासता आले. तेव्हा साखळी हे मूळ कारण नसावे, मागील चाक निकामी होऊन मोटार उलटली असावी, असे मत काही जाणकारांनी मांडले. ज्या यंत्राला गुन्हेगार ठरवून पुरले, त्याची साक्षच कोणी घेतली नव्हती! अनेकान्त दृष्टी म्हणजे ग्रंथात वाचण्याची गोष्ट नव्हे. एका बाजूने दिसलेले सत्य पूर्ण समजू नये, वस्तू फिरवून पाहावी, हा तिचा रोजच्या जीवनातील अर्थ. थडगे म्हणणारे चुकीचे नव्हते. स्मृती म्हणणारेही चुकीचे नव्हते. परंतु पाहिल्याशिवाय निवाडा देणे मात्र चूक होते.

येथे एक कठीण प्रश्न टाळून चालणार नाही. ज्या यंत्राने माणसाचा जीव घेतला, जे केवळ वेगाच्या ईर्ष्येपोटी बनले, ते जपावे कशाला? अहिंसा आणि अपरिग्रह मानणाऱ्या समाजाने त्याचे कौतुक का करावे? प्रश्न रास्त आहे. वेगाच्या ईर्ष्येचे कौतुक करण्याचे कारण नाहीच. झ्बोरोव्स्की आणि पॅरी-थॉमस, दोघेही त्याच ईर्ष्येच्या वाटेवर गेले. पण विन ओवेन यांनी त्या मोटारीतून शोधला तो वेग नव्हे. त्यांनी तिला सोळा वर्षे दिली आणि त्यातून कोणताही विक्रम मागितला नाही. वस्तूचा ध्यास आणि वस्तूचा लोभ यांतील अंतर येथे दिसते. लोभी माणूस वस्तू मिळवितो, हा माणूस वस्तूची सेवा करीत राहिला.

आता दृष्टी आपल्या अंगणाकडे वळवू.

मोटारीचा उद्योग आपल्या समाजाला परका नाही. सोलापूरच्या दिगंबर जैन कुटुंबात १८८२ साली जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून वाहने बाहेर पडू लागली. आपल्या नाशिक जिल्ह्यातील रावळगाव हीदेखील त्यांचीच कर्मभूमी. त्याच प्रीमियरची पद्मिनी पुढे मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी झाली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून उतरली. वालचंद शेठ यांचे नाव इतिहासात आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या हजारो पद्मिनी चाळीस-पन्नास वर्षे चालत्या ठेवणारे गॅरेजमधील फिटर, वेल्डर, डेन्टिंगवाले, ज्यांनी भाग मिळत नसताना भाग घडविले, त्यांची यादी कोणाजवळ आहे?

आणि एकलहरे? हे गाव तर यंत्रावर उभे आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभीचे वीजकेंद्राचे पहिले दोन संच आता थांबले आहेत. १९७९ ते १९८१ या काळात उभे राहिलेले २१० मेगावॅटचे तीन संच या परिसराची ओळख झाले. टर्बाइनची वार्षिक दुरुस्ती म्हणजे काय, हे येथील घराघराला ठाऊक आहे. केसाच्या जाडीएवढा फरक राहिला तर शेकडो टनांचे यंत्र थरथरते, आणि तो फरक बोटांच्या स्पर्शाने ओळखणारी माणसे या वसाहतीत राहिली. ती निवृत्त होऊन आपापल्या गावी परतत आहेत. त्यांच्याबरोबर त्यांची विद्याही जात आहे. वाळू फक्त पेंडाइनलाच नसते.

आपल्या समाजाकडे प्रामाणिकपणे पाहिले तर एक उणीव मान्य करावी लागेल. आपण हिशेबाला मान दिला, हाताला तितका दिला नाही. मुलगा चार्टर्ड अकाउंटंट झाला तर पेढे वाटले जातात. मुलगा लेथवर उत्तम काम करतो, हे सांगताना आवाज किंचित खाली येतो. मंदिरात देणगीदारांची संगमरवरी पाटी असते, आणि ती असावी, कारण दानाने दानाला प्रेरणा मिळते. पण शिखराचा दगड ज्याने बसविला, गाभाऱ्याचा दरवाजा ज्याने घडविला, गळके छत ज्याने पावसाळ्यापूर्वी रात्रंदिवस राबून बंद केले, त्याचे नाव कोणत्या पाटीवर आहे? जवळच म्हसरूळच्या गजपंथाचा डोंगर आहे. त्या कातळात लेणी कोरणाऱ्या हातांची नावे आज कोणालाही सांगता येत नाहीत. त्या काळी नोंद ठेवण्याची रीत नव्हती, असे म्हणता येईल. आज ही सबब चालणार नाही.

म्हणून या सुवर्णमहोत्सवी वर्षात ट्रस्टपुढे तीन नम्र सूचना मांडाव्याशा वाटतात. पहिली, गेल्या पन्नास वर्षांत ट्रस्टच्या वास्तूंवर काम केलेल्या गवंडी, सुतार, शिल्पी, वायरमन आणि फिटर यांची नावे ज्येष्ठांच्या आठवणीतून गोळा करून एका वहीत लिहावीत, जात-धर्म न पाहता. दुसरी, त्यांतील जे हयात आहेत त्यांचा देणगीदारांच्या रांगेतच, त्याच शालीने सन्मान व्हावा. तिसरी, युवा मंडळाने वर्षातून काही दिवस निवृत्त कारागिरांकडून मुलांना हातकाम शिकविण्याची सोय करावी. स्क्रू पिळणे, पत्रा कापणे, मोटर उघडून पुन्हा जोडणे. खर्च फारसा नाही. लाभ मात्र पिढीचा आहे.

मोडलेली वस्तू फेकून नवी घेणे आज सोपे झाले आहे, आणि कित्येकदा स्वस्तही. परंतु प्रत्येक फेकलेल्या वस्तूमागे खाणीतले खनिज, भट्टीतला कोळसा आणि असंख्य सूक्ष्म जीवांची हिंसा असते. दुरुस्ती हा संयमाचाच एक प्रकार आहे. जुने सांभाळणाऱ्या हाताला कंजूष म्हणू नये. त्याला श्रावक म्हणावे.

ओवेन विन ओवेन यांना जैन तत्त्वज्ञान ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तरीही वाळूतून उचललेल्या त्या गंजक्या सांगाड्यापुढे ते सोळा वर्षे ज्या धीराने बसले, ते पाहिले म्हणजे स्वाध्यायाला बसलेल्या साधकाचे स्मरण होते. ट्रस्टच्या पुढील पन्नास वर्षांना असे धीराचे हात लाभोत, आणि त्या हातांना त्यांच्या हयातीतच मान लाभो, ही शासनदेवतेच्या चरणी प्रार्थना.

बोलण्यात जिनाज्ञेविरुद्ध काही आले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र.